वास कसा हाय?

वहिनी,

आज बागेला पाणी घातलं. आधी तेच सांगते, कारण तुम्ही असतात तर भिंतीपलीकडून पहिला प्रश्न तोच आला असता. जास्वंदीला भरपूर घातलं, मोगऱ्याला बेताचं. शेवंतीच्या कुंड्या उन्हातून कडेला घेतल्या. गुलाबाच्या मातीत आधी बोट घालून पाहिलं आणि मगच तांब्या उचलला. हे सगळं मला आता येतं. यायला हवं होतं तेव्हा येत नव्हतं, आणि येतं असं मात्र मी चारचौघांत सांगत होते.

तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला. या सव्वा महिन्यात भेटायला येणारा प्रत्येक माणूस तुमच्याबद्दल चांगलं बोलला. त्याचं नवल नाही. पण मग तो माझ्याकडे वळायचा आणि म्हणायचा, "शेवटपर्यंत बाग सांभाळलीत हो जावेची. आजकाल कोण करतं एवढं?" मी मान खाली घालायचे. लोकांना वाटायचं, बाईंना रडू आलं. ती लाज होती, वहिनी. रडू नंतर आलं.

आपण दोघी एका घरच्या सुना, दोन भावांच्या बायका. इंदिरानगरला शेजारी शेजारी दोन रो-हाऊस आणि मधे कमरेएवढी भिंत. "जावा जावा, उभा दावा" असं लोक म्हणतात, पण आपल्याकडे दावा कधी उभा राहिला नाही, कारण तुम्ही तो बसू द्यायचात. तुम्ही चांदवडच्या. सातवी झालेल्या, बापाच्या द्राक्षबागेत वाढलेल्या. मी बीएस्सी, बीएड, शाळेत जीवशास्त्राची बाई. घरात पाहुणे आले की मी झाडांची लॅटिन नावं सांगायचे आणि तुम्ही चहा टाकायला उठायचात. जाता जाता म्हणायचात, "नाव कायबी असू दे, त्याला पाणी कोण घालतं ते विचारा."

आणि पाणी तुम्हीच घालायचात. माझ्या अंगणातल्या झाडांनासुद्धा.

तुम्ही काही संत नव्हतात, हेही लिहून ठेवते, नाहीतर सगळे जण आता तुम्हाला देवघरात नेऊन बसवतील. पहाटे फिरायला जाताना पिशवी घेऊन दुसऱ्यांच्या कुंपणातली फुलं तोडणारे लोक तुमच्या तावडीत सापडले की त्यांची धडगत नसायची. एकदा एक निवृत्त साहेब काठीने तुमची जास्वंदीची फांदी वाकवत होते. तुम्ही दारातूनच ओरडलात, "अहो काका, देवाला चोरीची फुलं चालत नाय! घरी गेल्यावर विचारा त्याला!" ते गृहस्थ पुन्हा आपल्या गल्लीतून कधी गेले नाहीत. सदाफुली, गुलबक्षी, चिनी गुलाब ज्याने मागितला त्याला तुम्ही मुळासकट दिलात. पण आबांच्या गुलाबाची फांदी कुणाला द्यायची म्हटलं की तुम्हाला ऐकू येणं बंद व्हायचं.

आबांचा गुलाब. नर्सरीतलं त्याचं नाव काय होतं, ते कुणालाच माहीत नव्हतं. तुमच्या वडिलांनी द्राक्षबागेच्या बांधावर लावलेला. काळपट लाल, मखमलीसारखा, आणि वास असा की सकाळी तुमच्या अंगणातलं एक फूल उमललं तर माझ्या स्वयंपाकघरात कळायचं. लग्नानंतर तुम्ही त्याची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणलीत आणि इथे रानगुलाबाच्या खुंटावर त्याचा डोळा भरलात. पुढे हायवे रुंद झाला, बांध गेला, बाग गेली, आबाही गेले. त्यानंतर तो गुलाब जगात फक्त तुमच्या अंगणात होता. निदान आपण सगळे असंच म्हणायचो.

डोळा भरायची विद्या तुम्ही बागेतल्या कलमं करणाऱ्या बायकांकडून उचललेली. फांदीवरचा डोळा, तो न फुटलेला कोंब, सालीच्या चिमूटभर तुकड्यासकट कापायचा, खुंटाच्या सालीला चीर द्यायची, साल उकलून डोळा आत सरकवायचा आणि दुधाच्या पिशवीची पट्टी घट्ट गुंडाळायची. मधल्या वेळात डोळा सुकू नये म्हणून तुम्ही तो ओठांत धरायचात. ते पाहून मला शिसारी यायची. "उष्टा गुलाब!" मी म्हणायचे. "देवाला कसा वाहणार हो वहिनी?" तुम्ही काहीच बोलायच्या नाहीत, आणि मला वाटायचं, निरुत्तर केलं. शेवटची गाठ मारून झाली की मग तुम्ही म्हणायचात, "तोंडात डोळा असला की बोलता येत नाय. तेवढाच तुझा जय."

आता ती शाळेची गोष्ट. बावीस वर्षं मी ती कुणाला सांगितली नाही. तुम्हीही नाही सांगितलीत, म्हणजे सरळ नाही सांगितलीत.

नववीला कलमांचा धडा होता. फळ्यावर आकृती मी फार सुंदर काढायचे, पण त्या वर्षी एक मुलगी म्हणाली, "बाई, खरं करून दाखवा ना." माझ्या हाताने एकही डोळा कधी लागला नव्हता. म्हणून तुम्हाला म्हटलं, चला शाळेत. तुम्ही किती खूश झालात! काठापदराची साडी नेसलात, जी फक्त लग्नाकार्याला निघायची. पिशवीत चाकू, पट्ट्या, ओल्या फडक्यात आबांच्या गुलाबाची फांदी. कुणालाही न दिलेली फांदी तुम्ही माझ्या शाळेसाठी कापलीत. शाळेच्या मैदानाच्या कडेला रानगुलाबाचा एक खुंट वाढलेला होता, त्याच्यापुढे तुम्ही फतकल मारून बसलात आणि चाळीस मुलींना अशा काही शिकवायला लागलात की मी वर्गात कधी शिकवलं नाही. "हितं बघ, साल कशी सुटती. सुटली नाय तर भरू नको, झाड तयार नाय म्हणायचं." मुली खिदळत होत्या, तुम्हीही खिदळत होतात. तुमचा आवाज पार ऑफिसपर्यंत जात होता.

तेवढ्यात आमच्या मोठ्या बाई आल्या. इस्त्रीची साडी, बारीक चष्मा. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "छान उपक्रम आहे. या कोण?"

तुमचे हात चिखलाचे होते. पदर खोचलेला. तुम्ही "हाय" आणि "नाय" करत होतात, आणि मी त्या शाळेत शुद्ध बोलण्याबद्दल प्रसिद्ध होते.

मी म्हणाले, "आमच्याकडे झाडांचं बघतात."

तुम्ही तीन हातांवर होतात. तुमच्या तोंडात डोळा होता, त्यामुळे तुम्ही बोलू शकत नव्हतात. तुम्ही नुसतं एकदा वर पाहिलंत आणि पुन्हा मान खाली घालून चीर द्यायला लागलात.

पुढचं तर माझ्याच्याने आजही लिहवत नाही, पण लिहिते. मधल्या सुट्टीत मला स्टाफरूममध्ये कपबशीतून चहा आला. तुम्हाला व्हरांड्यात, शिपाईमामांच्या बाकावर, स्टीलच्या ग्लासात. मला खिडकीतून दिसत होतं. मला उठून बाहेर येता आलं असतं. माझी कपबशी घेऊन तुमच्या शेजारी बसता आलं असतं, तेवढ्याने सगळं निस्तरलं असतं. मी चहा संपवला. रिक्षातून घरी येताना तुम्ही एवढंच म्हणालात, "चहा गोड होता हं तुमच्या शाळेचा."

तुम्ही रोज पहाटे माझ्या देवघरासाठी मधल्या भिंतीवर एका जुन्या डब्याच्या झाकणात फुलं ठेवायचात. मी लग्न होऊन आले तेव्हापासूनची ती रीत. शाळेच्या त्या दिवसानंतर आठ दिवस झाकण रिकामं होतं. नवव्या दिवशी फुलं आली, दोन जास्वंदी आणि मूठभर मोगरा, आणि मी देवाला हात जोडले. तुम्हाला जोडायला हवे होते.

तो डोळा लागला. शाळेतला गुलाब फुलला. मुलींनी पत्र्याची पाटी रंगवली आणि त्यावर माझं नाव लिहिलं, "बाईंनी कलम केलेला गुलाब". मी ती पाटी पाहिली. "छान अक्षर आहे," म्हणाले.

त्यानंतर बावीस वर्षं, घरात लग्न असो की बारसं, कुणी नवखं माणूस विचारायचं, "तुम्ही कोण हो यांच्या?" आणि तुम्ही माझ्याकडे बघत हसून म्हणायचात, "मी होय? मी झाडांचं बघते." सगळे हसायचे. तुमचा विनोद म्हणून. मी पण हसायचे आणि कानाच्या पाळ्या तापायच्या. दर वेळी ठरवायचे, आज भिंतीशी गाठून बोलायचं. दर वेळी काहीतरी निघायचं. माफी मागायची म्हणजे ते घडलं हे कबूल करायचं, आणि मी तर माझ्या मनाशीही कबूल करत नव्हते. तुम्ही दार दर वेळी किलकिलं करून ठेवायचात. मी आत आले नाही.

गौरी-गणपती झाले आणि मंजू, तुमची लेक, तुम्हाला पुण्याला तिच्या घरी घेऊन गेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, भावजी गेल्यापासून तुम्ही एकट्या, इथे एकटीला झेपणार नव्हतं. गाडीत बसल्यावर काच खाली करून तुम्ही मला जे सांगितलंत ते अजून पाठ आहे. "दसरा झाला की गुलाब छाटायचा. पण कात्री हातात घ्यायच्या आधी मला फोन लाव. फोनवर दाखव, मी सांगते कुठं." आणि वर, "मास्तरीणबाई, ऐकतेस ना?"

मी फोन लावला नाही.

कारण सगळ्यांना सांगितलं ते असं की, तुम्हाला त्रास नको. खरं कारण असं की तीस वर्षं कलमं शिकवलेल्या बाईने सातवी झालेल्या जावेला फोनवर विचारायचं, कुठे कापू? अति शहाणा त्याचा बैल रिकामा. नाशकात ऑक्टोबर छाटणी कुणाला शिकवावी लागते का? पानवाल्यापासून डॉक्टरपर्यंत जो तो द्राक्षाच्या छाटणीवर बोलतो, आणि मी तर त्यांच्याही वरची. फोनवर एक व्हिडिओ पाहिला आणि बसले गुलाबापाशी.

बुडापासून वीतभर उंचीवर खोडाला एक खडबडीत, फुगीर गाठ होती. मी चष्मा लावून पाहिली. मला ती रोगट वाटली. गाठीचा रोग असतो ना झाडांना, त्यावर मी एकदा प्रश्नपत्रिकेत चार मार्कांचा प्रश्न घातला होता. म्हटलं, इतकी वर्षं वहिनींच्या लक्षात आलं नाही, आता मुळापासून निपटून काढू. करवत आणली आणि गाठीच्या खालून, स्वच्छ, सरळ कापलं. वर हळद लावली. फार समाधान वाटलं. फोटो काढून तुम्हाला पाठवला, खाली लिहिलं, "रोगट भाग काढला. आता बघा कसा फुटतो."

वहिनी, तो सांधा होता. त्या गाठीच्या वर आबांचा गुलाब होता आणि खाली रानगुलाबाचा खुंट. फळ्यावरच्या माझ्या आकृतीत सांधा इतका रेखीव असायचा की खराखुरा, चाळीस वर्षं जुना सांधा मला ओळखताच आला नाही. कापलेल्या फांद्या मी त्याच संध्याकाळी कचऱ्याच्या गाडीला दिल्या होत्या.

तुमचं उत्तर दोन दिवसांनी आलं. आवाजाचा मेसेज, थकलेला. "बरं. आता पाणी बेताने घाल." मला ते कौतुकासारखं ऐकू आलं.

खुंट जोमाने फुटला. हिरवेगार, लांबच लांब फुटवे. मी रोज फोटो पाठवायचे, तुम्ही अंगठा दाखवायचात. दिवाळी झाल्यावर एका सकाळी सहज पानं मोजली. एका देठावर सात. पुढच्यावर सात. आबांच्या गुलाबाला पाच असायची. मी तिथेच पायरीवर बसले. "कलमाच्या खुंटाला आलेले फुटवे का काढून टाकतात?" दोन मार्क. मी स्वतः काढलेला प्रश्न.

इथपर्यंत ती चूक होती. चूक कुणाकडूनही होते, तुम्ही दोन शिव्या घालून माफ केली असती. यापुढे मी जे केलं ते चूक नव्हे.

मला त्याच पायरीवर शाळेतला गुलाब आठवला. तो तुमच्याच हातचा, आबांचाच. तिथून एक फांदी आणली असती, तुम्हाला फोन केला असता, तर तुम्ही पलंगावरून सांगून माझ्याकडून डोळा भरून घेतला असता. थंडी सुरू झाली होती, दिवस चांगले होते, तुम्ही होतात. पण शाळेत जायचं म्हणजे त्या पाटीसमोर उभं राहायचं. आणि तुम्हाला सांगायचं म्हणजे "शाळेतून आणला" हे शब्द उच्चारायचे. ते दोन शब्द माझ्या तोंडून निघेनात. मी उठले आणि गंगापूर रोडच्या एका नर्सरीत गेले, तिथून काळपट लाल फुलाचं रोप आणलं आणि कुंडीतून काढून तुमच्या खुंटाच्या पुढ्यात लावलं. फूल उमललं तसा जवळून फोटो काढला, मागचं काही दिसू नये असा. लिहिलं, "आबांचा गुलाब फुलला!"

तुमचा मेसेज लगेच आला. चार सेकंदांचा. "वास कसा हाय?"

मी वाकून वास घेतला. काही नव्हता. नर्सरीच्या त्या फुलाला कागदाइतकाही वास नव्हता.

मी लिहिलं, "तसाच."

निळ्या खुणा उमटल्या. तुमच्याकडून काही आलं नाही. त्यानंतर मंजूचे फोन यायचे, "काकू, येऊन जा ना, आई वाट बघतेय." येते म्हणायचे. यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं निमित्त होतं, माझे गुडघे होते, धुकं होतं. चोराच्या मनात चांदणं. तुम्ही माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं असतंत तर सगळं वाचलं असतंत, म्हणून मी ते तोंड पुण्याला आणलंच नाही. "तसाच" लिहिल्यापासून अकराव्या दिवशी तुम्ही गेलात. चाळीस वर्षांच्या सोबतीत मी तुम्हाला दिलेला शेवटचा शब्द तो आहे, आणि तो खोटा आहे.

मंजू अस्थी घेऊन आली. रामकुंडावर ती पाण्यात उतरली आणि मी काठावर तिच्या चपला सांभाळत उभी राहिले. तेवढंच काम मला शोभणारं होतं. तेराव्याला तुमच्या फोटोसमोर ठेवायला मी लगबगीने नर्सरीच्या गुलाबाचं फूल आणलं. मंजूने ते उचललं, नाकाशी नेलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

"काकू, हा आजोबांचा नाही."

पाहुणे होते, तिने मला हाताला धरून बागेत आणलं.

"आईला पहिल्या फोटोतच कळलं होतं. दोन दिवस जेवली नाही नीट."

"मग बोलल्या का नाहीत?"

"मी तेच म्हटलं. म्हटलं, विचार तरी काकूला. तर म्हणाली, विचारीन. एकदाच विचारीन."

मी म्हटलं, "आणि मी उत्तर दिल्यावर?"

"हसली. म्हणाली, हिला अजून जमत नाय." मंजूचा आवाज चढला होता. रागच होता तो, आणि मला तो हवासा वाटला. "आणि म्हणाली, एक हाय तिच्या शाळेत, पण तू सांगू नको. तिचं तिला आठवू दे. आई म्हणाली म्हणून मी इतके दिवस थांबले, काकू. पण माझ्यात आईएवढा धीर नाही. माझ्या आजोबांचा गुलाब आहे तो."

मी तिला सांगितलं की मला आठवलं होतं. दिवाळीनंतर, पायरीवर, आई गेल्यावर नव्हे, आई असतानाच. का गेले नाही, तेही सांगितलं. मोठ्या बाईंपासून स्टीलच्या ग्लासापर्यंत सगळं. हे मी प्रथम कुणाला सांगत होते आणि ऐकायला तुम्ही नव्हतात, तुमची लेक होती. ती म्हणाली, "म्हणून ती म्हणायची होय, मी झाडांचं बघते. मला वाटायचं गंमत करते." आणि आत निघून गेली.

दोन दिवसांनी मी शाळेत गेले. निवृत्त झाल्यापासून आठ वर्षांत त्या फाटकातून आत पाऊल टाकलं नव्हतं. सगळं बदललंय, मैदानावर फरश्या आल्यात, पण गुलाब होता. माझ्या डोक्याच्या वर गेलेला, वेडावाकडा, कुणी न छाटलेला. आणि पाटी. अक्षरं दर काही वर्षांनी कुणीतरी गिरवलेली दिसली, कारण माझं नाव ताजं होतं.

विज्ञानाची नवी बाई आली, तिशीची, हसरी. "फांदी हवी ना? घ्या की. आपण कोण?" मी नाव सांगितलं. तिने पाटीकडे पाहिलं आणि हात जोडले. "अय्या, म्हणजे हा गुलाब तुम्हीच केलात! मुलींना दर वर्षी सांगतो आम्ही."

सोपं होतं, वहिनी. मान डोलावली असती की झालं असतं. एक क्षण मान हललीही असेल.

मग मी म्हणाले, "नाही. हा माझ्या मोठ्या जाऊबाईंनी केला."

"जाऊबाई?" ती गोंधळली. "पण इथले जुने शिपाईमामा सांगायचे, कुणी माळीणबाई आल्या होत्या, फार छान शिकवलं त्यांनी."

"त्याच. माझ्या सख्ख्या मोठ्या जाऊबाई. त्या दिवशी मोठ्या बाईंनी विचारलं तेव्हा मी नातं सांगितलं नाही. मला लाज वाटली होती त्यांची." माझा आवाज चढला होता. दोन मुली पाणी प्यायच्या थांबून बघायला लागल्या. "पाटीवरचं नाव पुसा. मी तुमचं नाव सांगते ते लिहा."

तुमचं नाव मी तिच्या वहीत स्वतः लिहून दिलं. वडिलांचं नाव आणि चांदवडही लिहिलं. माझं अक्षर नेहमी वळणदार येतं, ते त्या दिवशी आलं नाही.

निघताना एका अर्धवट उमललेल्या फुलाशी वाकले. वास घेतला. वहिनी, तसाच आहे. आता विचाराल तर खरं सांगते, अगदी तसाच आहे.

फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली. तुमच्याच चाकूने, तुमच्याच खुंटापुढे बसले. गुडघे मानेनात म्हणून पाट घेतला. मंजू पायरीवर उभी राहून बघत होती. नर्सरीचं रोप मी आदल्या दिवशीच काढून कुंडीत घातलं होतं, त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? पहिला डोळा कापताना फाटला. दुसरा नीट निघाला. खुंटाला चीर द्यायला दोन्ही हात हवे होते, आणि डोळा ठेवायला जागा नव्हती. मी तो ओठांत धरला.

तुरट, हिरवी चव. तुम्हाला जन्मभर माहीत असलेली. सगळं पोटातलं तेव्हाच वर आलं होतं, शाळेचं, चहाचं, फोनचं, पुण्याला न येण्याचं. वहिनी, क्षमा करा, असं मोठ्याने म्हणायचं ठरवून बसले होते. पण तोंडात डोळा होता. बोलता येत नव्हतं. साल उकलली, डोळा आत सरकवला, दुधाच्या पिशवीची पट्टी गुंडाळली, शेवटची गाठ मारली, आणि तोवर शब्द गेले होते. मंजू खाली आली आणि पट्टीचं सुटलेलं टोक तिने दाबून धरलं.

तुम्ही सांगायचात, एकवीस दिवसांनी डोळ्याजवळच्या पानाच्या देठाला बोट लावायचं. लावताच देठ गळून पडला तर डोळा जगला. सुकून तिथेच चिकटून राहिला तर मेला, परत भरायचा. आज एकविसावा दिवस. सकाळपासून तीनदा जाऊन आले, पाण्याचं निमित्त करून. बोट पुढे गेलं की मागे घेते. झाकणात दोन जास्वंदी घालून ते मधल्या भिंतीवर ठेवलंय, तुमच्या बाजूला तोंड करून.

उद्या उजाडलं की बोट लावणार आहे. देठ गळू दे नाहीतर चिकटून राहू दे, फोटो काढणार नाही. भिंतीशी येऊन जे असेल तेच सांगेन.

तुमची,
अनू